‘टायमर फ्रिक्वेन्सी’: कर्नलच्या एका पर्यायाच्या मदत-मजकुराचा प्रकरण अभ्यास

लिनक्स कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) स्वतः कंपाइल करणाऱ्यासमोर, म्हणजे स्रोतापासून तयार करणाऱ्यासमोर, हजारो पर्याय येतात. त्यांपैकी ‘टायमर फ्रिक्वेन्सी’ हा पर्याय दिसायला अगदी सोपा आहे. १००, २५०, ३०० आणि १००० हर्ट्झ असे चार आकडे समोर असतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो. प्रत्येक आकड्याखाली दोन ते चार ओळींचा मदत-मजकूर आहे, शिवाय संपूर्ण निवडीसाठी एक वेगळा परिच्छेद आहे. कर्नलमधील कित्येक पर्यायांना एका ओळीपलीकडे माहिती नसते, हे पाहता या पर्यायाची नोंद चांगली म्हणावी लागेल. म्हणूनच ती अभ्यासासाठी घेतली आहे. निष्काळजीपणे लिहिलेल्या मजकुरातून फारसे शिकायला मिळत नाही. काळजीपूर्वक लिहिलेला मजकूर मात्र कालांतराने कसा आणि का चुकत जातो, हे पाहिले तर वापरकर्त्यासाठी कर्नलचे पर्याय कसे लिहावेत याची दिशा मिळते.

माझे म्हणणे आधीच मांडतो. हा मजकूर लिहिला गेला तेव्हा बराचसा बरोबर होता. पुढे कर्नलचा बाकीचा भाग बदलत गेला, पण मजकुरातील शिफारशी कोणत्या अटींवर उभ्या आहेत हे त्यात लिहिलेले नसल्यामुळे, त्या अटी बदलल्याचे कोणाच्या लक्षात येण्याची सोयच राहिली नाही.

पर्याय नेमके काय ठरवतो

कर्नलला ठरावीक अंतराने टायमरचा इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारा संकेत) मिळतो. त्याला रोजच्या बोलण्यात ‘टिक’ म्हणतात. दर टिकला कर्नल काही कामे उरकतो: चालू प्रक्रियेच्या खात्यावर वेळ मांडतो, तिचा वाटा संपला का आणि प्रोसेसर दुसऱ्या प्रक्रियेला द्यायला हवा का हे शेड्यूलरकडून (प्रक्रियांच्या पाळ्या ठरवणाऱ्या भागाकडून) तपासून घेतो, आणि ज्यांची मुदत भरली आहे असे अंतर्गत टायमर मार्गी लावतो. सेकंदाला किती टिका व्हाव्यात, तो आकडा म्हणजे कॉन्फिग_एचझेड. १०० निवडले तर दोन टिकांमध्ये १० मिलिसेकंदांचे अंतर पडते, २५० निवडले तर ४ मिलिसेकंदांचे आणि १००० निवडले तर १ मिलिसेकंदाचे. टिका वाढवल्या की कर्नलच्या तपासण्या अधिक वेळा होतात आणि मुदती अधिक बारकाईने पाळल्या जातात, पण प्रत्येक इंटरप्टला प्रोसेसरचा थोडा वेळ आणि थोडी वीज द्यावी लागते.

या आकड्याचा इतिहास थोडक्यात असा. इंटेलच्या ३२ बिटी यंत्रांवर २.४ मालिकेपर्यंत तो १०० होता, तर अल्फा प्रोसेसरवर १०२४ होता. २.५ च्या विकासकाळात इंटेल यंत्रांवर तो १००० केला गेला आणि २.६ मालिका त्याच आकड्याने सुरू झाली. लॅपटॉप वापरणाऱ्यांना हा आकडा विजेच्या दृष्टीने जड वाटत होता, तर ध्वनी आणि चित्रफितींचे काम करणाऱ्यांना तो हवा होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.६.१३ या आवृत्तीत अखेर हा निर्णय वापरकर्त्यावर सोपवला गेला आणि न निवडल्यास २५० हा आकडा धरला जाऊ लागला. या अभ्यासाचा विषय असलेला मदत-मजकूर त्याच बदलासोबत आला. ३०० हर्ट्झचा पर्याय नंतर जोडला गेला.

मजकूर काय सांगतो

संपूर्ण निवडीच्या परिच्छेदाचा आशय असा आहे: टायमरचा इंटरप्ट १००० हर्ट्झने चालवण्याची प्रथा आहे, परंतु वापरकर्त्याला झटपट प्रतिसाद देण्याची गरज नसलेल्या सर्व्हरना १०० हर्ट्झ अधिक सोयीचे पडू शकते, कारण टायमरच्या इंटरप्टमुळे बसवर (यंत्रातील माहितीच्या वाटेवर) गर्दी होते आणि कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या वेगवान स्मृतीच्या) ओळी प्रोसेसरांमध्ये इकडून तिकडे फिरत राहतात, आणि अनेक प्रोसेसरांच्या यंत्रात हा इंटरप्ट प्रत्येक प्रोसेसरवर येत असल्याने सेकंदाला एकूण एनआर_सीपीयूएस गुणिले एचझेड इतके इंटरप्ट होतात.

वाचताना पहिली अडचण लगेच जाणवते. प्रथा १००० ची आहे असे सांगणारा हा परिच्छेद ज्या निवडीखाली येतो, त्या निवडीत आधीपासून ठरलेला आकडा २५० आहे. २.६.१३ पूर्वीच्या आवृत्त्यांकडे पाहून लिहिताना हे वाक्य खरे होते; ज्या बदलासोबत ते आले त्याच बदलाने ते जुने झाले. नवख्या वाचकाला येथे प्रश्न पडतो की प्रथेप्रमाणे जावे की आधी ठरलेला आकडा राहू द्यावा. २५० का ठरवला याचे कारण परिच्छेदात कोठेच नाही. ते २५० च्या स्वतंत्र नोंदीत येते, सर्व्हरची कामगिरी आणि झटपट प्रतिसाद यांतली ‘चांगली तडजोड’ म्हणून, पण त्यासाठी ती नोंद वेगळी उघडून वाचावी लागते.

दुसरी अडचण गुणाकाराची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. एनआर_सीपीयूएस म्हणजे यंत्रात बसवलेल्या प्रोसेसरांची संख्या नव्हे. हा कर्नल जास्तीत जास्त किती प्रोसेसर सांभाळू शकेल, ही कंपाइल करताना ठरवलेली कमाल मर्यादा आहे आणि वितरणांच्या (डेबियन, फेडोरा यांसारख्या तयार लिनक्स संचांच्या) कर्नलमध्ये ती ८,१९२ इतकी मोठी असू शकते. मजकूर शब्दशः घेतला तर अशा कर्नलवर २५० हर्ट्झला सेकंदाला २० लाख ४८ हजार इंटरप्ट व्हायला हवेत. चार कोअरच्या लॅपटॉपवर, चारही कोअर पूर्ण वेळ कामात असले तरी, टिकांचा हिशेब सेकंदाला १,००० च्या आसपास येतो. ज्याला एनआर_सीपीयूएस काय आहे हे माहीत आहे, तो मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. ज्याला माहीत नाही, त्याला आपली दिशाभूल झाल्याचे कळतसुद्धा नाही. मदत-मजकूर या दुसऱ्या वाचकासाठीच असतो, म्हणून ही चूक मला लहान वाटत नाही.

तिसरी अडचण काळाने आणली. २००७ मधील २.६.२१ आवृत्तीपासून इंटेलच्या ३२ बिटी यंत्रांवर उच्च-अचूकतेचे टायमर आणि गरजेप्रमाणे टिक थांबवण्याची सोय आली आणि नंतर ती इतर रचनांवरही पसरली. रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरला ठरावीक टिक देत राहण्याची गरज उरली नाही. २०१३ मधील ३.१० आवृत्तीने याच्याही पुढचे पाऊल टाकले: एखाद्या प्रोसेसरवर एकच प्रक्रिया चालू असेल तर कामात असतानाही तेथील टिक जवळपास पूर्ण थांबवता येऊ लागली. ‘सेकंदाला अमुक इतके इंटरप्ट होतात’ हे विधान तेव्हापासून फक्त विशिष्ट अटींवर खरे राहिले आहे. उच्च-अचूकतेचे टायमर चालू असतील तर एखाद्या प्रोग्रॅमने अर्धा मिलिसेकंद झोपण्याची विनंती केली की ती विनंती टिकेच्या अंतराला बांधलेली राहत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी लोक एके काळी १००० कडे वळत, त्यातले एक मोठे कारण आता दुसऱ्या पर्यायाच्या हातात गेले आहे. ड्रायव्हरमधील टिकांमध्ये मोजल्या जाणाऱ्या मुदती आणि शेड्यूलरची दर टिकला होणारी तपासणी या गोष्टी मात्र अजूनही एचझेडवर अवलंबून आहेत. या दोहोंतला फरक मजकुरात कोठेच नाही.

चौथी अडचण ३०० हर्ट्झची. त्याच्या नोंदीत म्हटले आहे की दूरचित्रवाणीच्या पॅल आणि एनटीएससी या दोन्ही पद्धतींच्या चित्रदरांनी (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येने) या आकड्याला नेमका भाग जातो. ३०० ला २५ ने भागले की १२ येतात आणि ३० ने भागले की १०, म्हणून हिशेब ठीक दिसतो. परंतु रंगीत एनटीएससीचा चित्रदर ३० नसून २९.९७ च्या जवळपास आहे, त्यामुळे ‘नेमका’ हा शब्द तेथे टिकत नाही. त्यातच २५० च्या नोंदीत एनटीएससी वापरणाऱ्यांना ३०० कडे वळण्याचा सल्ला दिला आहे. भारतात १९८२ मध्ये दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पॅल पद्धतीने, आणि २५० ला २५ ने नेमका भाग जातो. म्हणजे ज्या काळात या सल्ल्याला व्यवहारात काही अर्थ होता, त्या काळातही पुण्यात किंवा पणजीत टीव्ही कार्ड लावून बसलेल्या वापरकर्त्याला तो लागू नव्हता. आज पडदा ६०, १२० किंवा १४४ हर्ट्झने ताजा होतो आणि चित्रे वेळेवर दाखवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या इंटरप्टवर चालते. सल्ल्याचा संदर्भच विरला आहे, पण सल्ला जागेवर आहे.

वापरकर्त्याला हा मजकूर कसा भेटतो

मजकुराच्या आशयाइतकेच त्याच्या ठिकाणालाही महत्त्व आहे. पूर्वी लिनक्समध्ये सर्व पर्यायांचा मदत-मजकूर एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये ठेवलेला असे. २००२ मध्ये केकॉन्फिग ही नवी व्यवस्था आली आणि प्रत्येक पर्यायाची माहिती त्याच्या व्याख्येशेजारी गेली. पर्याय बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचा मजकूर राहावा, ही त्यामागची मोठी सोय होती आणि ती आजही उपयोगी पडते. मात्र या प्रकरणात अर्थ बदलला तो शेजारच्या नव्हे, दुसऱ्याच फाइलमधील पर्यायांमुळे. टिक थांबवण्याचे पर्याय लिहिणाऱ्यांनी आपल्या पर्यायांचा मजकूर नीट लिहिला. एचझेडची फाइल त्यांना उघडण्याची गरजच पडली नाही.

मेनूमध्येही हीच फारकत दिसते. एक्स८६ यंत्रांसाठी टायमर फ्रिक्वेन्सीची निवड प्रोसेसरचा प्रकार व वैशिष्ट्ये या विभागात आहे, तर टिक कायम चालू ठेवावी, रिकाम्या वेळी थांबवावी की शक्य तेव्हा पूर्ण थांबवावी, ही निवड सर्वसाधारण मांडणीच्या विभागातील टायमरांच्या उपविभागात आहे. दोन्ही निवडी मिळूनच यंत्राचे वर्तन ठरते, पण एकीच्या मजकुरात दुसरीचे नावही नाही.

अनुभवी वापरकर्ता मेनूतून चालत न जाता शोध घेतो. चालू कर्नलच्या संरचनेच्या फाइलमध्ये त्याला ‘कॉन्फिग_एचझेड=२५०’ अशी ओळ दिसलेली असते, म्हणून तो मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडण्याच्या मेनूत) तिरपी रेघ दाबून एचझेड शोधतो. एचझेड ही मूल्य साठवणारी आतली नोंद आहे. तिला स्वतःची प्रश्नओळ नाही आणि मजकूरही नाही, त्यामुळे शोधाच्या निकालात तिचे मूल्य आणि व्याख्येची जागा अशी माहिती दिसते, मदत-मजकूर दिसत नाही. लिहिलेला सगळा मजकूर निवडीच्या आणि चार आकड्यांच्या नोंदींखाली आहे. संरचनेच्या फाइलमधून येणाऱ्या माणसाला जे नाव माहीत असते, नेमके तेच नाव मजकुराविना ठेवले गेले आहे.

आणखी एक फसवी जागा आहे. आपल्या यंत्रावर एचझेड किती आहे हे पाहायला पुष्कळ जण ‘गेटकॉन्फ सीएलके_टीसीके’ ही आज्ञा देतात आणि १०० हे उत्तर पाहून आपला कर्नल १०० हर्ट्झवर चालतो असे समजतात. एक्स८६ वर ही आज्ञा १०० च सांगते, कारण तो आकडा कर्नलच्या टिकेचा नसून प्रोग्रॅमांना वेळ सांगताना वापरायच्या एककाचा आहे. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ते एकक स्थिर ठेवले आहे. १००० हर्ट्झवर बांधलेल्या कर्नलवरही उत्तर तेच येईल. ही एक ओळ मदत-मजकुरात असती तर कितीतरी चुकीचे निष्कर्ष टळले असते.

कर्नलच्या बदलांची तपासणी करणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट नव्या पर्यायाचा मजकूर चार ओळींपेक्षा कमी असेल तर इशारा देते. हा नियम उपयोगी आहे, पण त्याला फक्त ओळी मोजता येतात. एचझेडचा परिच्छेद या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो.

पडताळणी

मजकूर नव्याने लिहिण्यापूर्वी त्यातील प्रत्येक विधान यंत्रावर पडताळता येते का, हे पाहायला हवे. या पर्यायाच्या बाबतीत ते फार सोपे आहे. कर्नलची चालू माहिती दाखवणाऱ्या प्रॉक निर्देशिकेतील इंटरप्टांच्या यादीत ‘एलओसी’ अशी एक ओळ असते. स्थानिक टायमरचे इंटरप्ट प्रत्येक प्रोसेसरवर आतापर्यंत किती वेळा आले, हे ती सांगते. ती एकदा वाचावी, दहा सेकंद थांबून पुन्हा वाचावी आणि वजाबाकी करावी. २५० हर्ट्झच्या, रिकाम्या वेळी टिक थांबवणाऱ्या कर्नलवर यंत्र शांत असेल तर प्रत्येक प्रोसेसरचा फरक २,५०० पेक्षा पुष्कळ कमी येतो. मग एका प्रोसेसरला बांधलेली, काहीही न करता फिरत राहणारी एखादी प्रक्रिया सुरू करून हेच पुन्हा करावे: त्या प्रोसेसरचा फरक २,५०० च्या आसपास जातो आणि बाकीचे खालीच राहतात. रिकामा प्रोसेसर टिक घेत नाही, कामातला प्रोसेसर घेतो, हे वाचकाला स्वतःच्या यंत्रावर दिसते. मूळ परिच्छेदातील गुणाकार या दोन वाचनांपुढे टिकत नाही. अशी पडताळणी वापरकर्त्यासाठीच्या टिपणातच द्यावी असे माझे ठाम मत आहे, कारण पुढे वर्तन बदलले तर वाचकालाच ते आधी दिसेल.

मराठीत नव्याने लिहिलेली नोंद

वरील सर्व लक्षात घेऊन ही नोंद मराठी वापरकर्त्यासाठी पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

‘टायमर फ्रिक्वेन्सी. कामात असलेल्या प्रोसेसरवर कर्नलची टिक सेकंदाला किती वेळा व्हावी, हे येथे ठरते. चालू प्रक्रियेचा वाटा संपला का ही तपासणी आणि ड्रायव्हरमधील टिकांमध्ये मोजल्या जाणाऱ्या मुदती या अंतराने बांधलेल्या असतात: १०० हर्ट्झला १० मिलिसेकंद, २५० ला ४, १००० ला १. उच्च-अचूकतेचे टायमर चालू असतील तर प्रोग्रॅमांनी मागितलेली झोप या आकड्याला बांधलेली नसते. ते बंद असतील तर असते. रिकाम्या प्रोसेसरवर टिक थांबते की नाही, हे टायमरांच्या उपविभागातील टिक हाताळणीच्या निवडीवर अवलंबून आहे. ती आधी पाहावी. एकाच प्रोसेसरवर अनेक प्रक्रिया चढाओढीने चालणार असतील आणि प्रतिसाद महत्त्वाचा असेल तर १००० घ्यावे. एकूण काम पार पडण्याला महत्त्व असेल, किंवा कर्नल आभासी यंत्रात चालणार असेल आणि तेथील प्रत्येक टिकेचा भार यजमान यंत्रावर पडत असेल, तर १०० किंवा २५० घ्यावे. खात्री नसेल तर २५० राहू द्यावे. निवडलेला आकडा संरचनेच्या फाइलमध्ये पाहावा. गेटकॉन्फचे उत्तर येथे उपयोगाचे नाही.’

मूळ मजकुरापेक्षा ही नोंद थोडी लांब झाली आहे आणि ते मला मान्य आहे. तिच्यातील प्रत्येक शिफारशीसोबत तिची अट लिहिलेली आहे. उद्या एखाद्या रचनेवर उच्च-अचूकतेचे टायमर सक्तीचे झाले, तर या नोंदीतले कोणते वाक्य गाळायचे हे दुरुस्ती करणाऱ्याला शोधत बसावे लागणार नाही. ३०० हर्ट्झचा उल्लेख मी मुद्दाम केलेला नाही. पर्याय यादीत आहे आणि राहील, पण तो निवडण्याचे जे कारण दिले जाते ते आजच्या डेस्कटॉपला लागू होत नाही, आणि लागू न होणारे कारण नव्या वापरकर्त्यापुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

शिफारशींच्या भागाबाबत एक गोष्ट नोंदवायला हवी. डेबियनने दीर्घकाळ २५० ठेवले आणि फेडोराने १०००, आणि दोन्हीकडे जाणती माणसे आहेत. त्यामुळे ‘डेस्कटॉपसाठी १०००’ असे सरळ विधान करण्याऐवजी कोणत्या प्रकारच्या कामात फरक जाणवतो ते लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. दस्तऐवज लिहिणाऱ्याने वादातला पक्ष घेऊ नये, पण वाद कशावरून आहे हे वाचकापासून लपवूही नये.

ही मराठी नोंद ठेवायची कोठे, हा प्रश्न उरतो. केकॉन्फिगच्या मेनूमध्ये भाषांतर दाखवण्याची सोय एके काळी होती. ती मोडकळीला आली होती आणि वापरातही दिसत नव्हती, म्हणून ४.१८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. कर्नलच्या दस्तऐवजांच्या भाषांतर विभागात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांची पाने आहेत, पण तेथे लेखरूप दस्तऐवज येतात, मेनूतील मजकूर येत नाही. त्यामुळे मराठी नोंद मेनूबाहेर स्वतंत्र टिपण म्हणूनच राहील, आणि तिच्या माथ्यावर ती कोणत्या कर्नल आवृत्तीवर पडताळली हे लिहावेच लागेल. केकॉन्फिगमधला मजकूर कर्नलसोबत आपोआप प्रवास करतो. बाहेरच्या टिपणाला ती सोय नाही.

मूळ इंग्रजी मजकुरात काय पाठवावे, याबाबत मी सावध आहे. संपूर्ण परिच्छेद बदलणारा पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठवला तर चर्चा लगेच कोणता आकडा चांगला या जुन्या वादाकडे वळते आणि खरी दुरुस्ती बाजूला राहते. म्हणून तीन बदल तीन वेगळ्या पॅचमध्ये सुचवणे मला योग्य वाटते. पहिल्यात एनआर_सीपीयूएसच्या जागी प्रत्यक्ष चालू असलेले आणि कामात असलेले प्रोसेसर यावेत. दुसऱ्यात टिक हाताळणीच्या निवडीचा एका वाक्यात उल्लेख यावा. तिसऱ्यात १००० ची प्रथा असल्याचे विधान काढून आधी ठरलेला आकडा २५० असल्याचे सांगितले जावे. पहिल्या पॅचच्या वर्णनात वर दिलेली दहा सेकंदांची पडताळणी, तिच्या दोन्ही वाचनांसह, जोडावी. देखरेख करणाऱ्याला ती आपल्या यंत्रावर लगेच करून पाहता येते.